स्वस्त वाईन आणि गोव्याचे ताट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला आमच्या घरी महिन्यातून एकदा दहा-बारा माणसे जमतात. प्रत्येकाने एक बाटली आणायची, हजार रुपयांच्या वरची नको, आणि घरात त्या दिवशी जे शिजले असेल त्याच्याबरोबर ती चाखायची, एवढाच नियम. वेगळे काही शिजवायचे नाही. या बैठकींमुळे ओळखीच्या आणि ओळखीच्या ओळखीच्या लोकांचे फोन येऊ लागले. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरे एकदा लिहून काढली. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो, त्यासाठी क्रमांक दिले आहेत.

१. वाईन म्हणजे दारूच ना? मग फेणीत आणि वाईनमध्ये फरक काय?

दारूच. फळाचा रस नुसता आंबवला की वाईन. आंबलेला रस भट्टीवर चढवून त्याची वाफ थंड करून धरली की ती ऊर्ध्वपातित दारू. काजूच्या बोंडांच्या रसाचा पहिल्या भट्टीला उर्राक होतो आणि पुढच्या भट्टीला फेणी. फेणीत अल्कोहोल बेचाळीस टक्क्यांच्या आसपास, द्राक्षांच्या वाईनमध्ये बहुधा १२ ते १४.

'वाईन हलकी असते' हे मात्र डोक्यातून काढा. १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात साधारण दीड छोट्या पेगइतका अल्कोहोल जातो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे पाचच ग्लास असतात. गोव्यात दारू विकत घेण्याचे आणि पिण्याचे किमान वय २१ आहे, आणि वाईनला त्यात सूट नाही.

२. हजाराच्या आत खरोखर चांगले काही मिळते का?

मिळते, पण देशी घ्या. त्याच किमतीच्या परदेशी बाटलीतला मोठा वाटा आयात शुल्काचा आणि वाहतुकीचा असतो. आतल्या द्राक्षाच्या वाट्याला फार थोडे उरते. नाशिकची सुला, अकलूजची फ्रातेली, नाशिक आणि कर्नाटकातल्या नंदी हिल्स अशा दोन्हीकडे द्राक्षमळे असलेली ग्रोव्हर झाम्पा यांच्या साध्या श्रेणीतल्या बाटल्या आमच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळा येतात. पहिल्यांदाच घेत असाल तर ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली मागा. आवडली नाही तर नुकसानही अर्धेच.

३. लेबलावर नेमके काय वाचायचे?

द्राक्षाचे नाव, वर्ष आणि अल्कोहोलचा टक्का. बाकी मागच्या बाजूला 'उष्णकटिबंधीय फळांचा दरवळ' वगैरे जे लिहिलेले असते ते वधू-वर सूचक मंडळाच्या माहितीसारखे वाचावे.

वर्ष महत्त्वाचे. महाराष्ट्रातल्या वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च होते, कारण आपल्याकडे वेलींची छाटणी अशी करतात की घड पावसाळा उलटल्यावर धरावा आणि थंडीत पिकावा. म्हणजे लेबलावरच्या वर्षाच्या पावसाळ्यापर्यंत ती वाईन बऱ्याचदा तयार असते. स्वस्त पांढरी आणि गुलाबी वाईन त्या वर्षापासून दोनेक वर्षांत पिऊन टाकायची असते. 'जुनी तितकी चांगली' हे थोड्या, महागड्या बाटल्यांपुरते खरे आहे. आपल्या खिशातल्या बाटलीला ते लागू नाही.

४. ग्लास फिरवणे, नाक खुपसणे हे सगळे नाटक आहे का?

नाटक म्हणून करणारे पुष्कळ आहेत, पण मूळ कृतीला अर्थ आहे. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो. सर्दी झाली की हुमणही (नारळाच्या वाटणातले माशांचे कालवण) बेचव लागते, ते यामुळेच. ग्लास फिरवला की वाईनचा हवेशी संबंध वाढतो आणि वास वर येतो. म्हणून ग्लास तिसरा हिस्साच भरायचा. काठोकाठ भरलेला फिरवला तर तो शेजारच्याच्या सदऱ्यावर जातो, आमच्याकडे गेलेला आहे.

करायचे एवढेच : पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग पाहा. न फिरवता एकदा वास घ्या, फिरवून पुन्हा घ्या. मग एक घोट तोंडात घेऊन लगेच न गिळता गालांत खेळवा. आता स्वतःला तीन गोष्टी विचारा. जिभेच्या कडांना पाणी सुटले का? तो आंबटपणा. हिरड्या कोरड्या, कच्चे केळे किंवा जांभूळ खाल्ल्यासारख्या आवळल्या गेल्या का? ते टॅनिन, लाल वाईनमध्ये सालींतून आणि बियांतून येते. गिळल्यावर घशाशी ऊब आली का? तो अल्कोहोल. ताटातल्या पदार्थाशी जोडी जमवायला या तीन आणि गोडवा एवढेच लागते.

वासाचे शब्दही उसने आणू नका. आमच्या बैठकीत गूसबेरी म्हणणाऱ्याला कोणी विचारले, 'तू खाल्लीयस का कधी?' तेव्हापासून सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षाच्या पांढऱ्या वाईनला आम्ही 'कच्ची कैरी आणि चुरगळलेला लिंबाचा पाला' म्हणतो. शेनिन ब्लाँ हीही पांढरीच, तिच्यात पिकला पेरू सापडतो. लाल शिराझमध्ये जांभूळ आणि मिरी. हे शब्द सगळ्यांना लगेच पटतात.

५. 'ड्राय' म्हणजे काय? आणि आंबट लागते ती वाईन बिघडलेली का?

ड्राय म्हणजे ज्यात साखर जवळजवळ उरलेली नाही अशी. आंबटपणाशी त्याचा संबंध नाही. लिंबू सरबतात साखर कमी घातली म्हणून लिंबू बिघडलेले नसते. वाईनला आंबटपणा हवाच, तो नसेल तर ती फुळकवणी लागते. व्हिनेगरसारखा नाकात झोंबणारा वास आला तरच बिघडली समजा, त्याबद्दल प्रश्न १४.

६. किती थंड करायची? लाल वाईन फ्रीजमध्ये ठेवत नाहीत म्हणतात.

'लाल वाईन खोलीच्या तापमानाला' हे ज्यांनी ठरवले त्यांच्या खोल्या सतरा-अठरा अंशांच्या होत्या. मे महिन्यात आमच्या ओसरीवर तेहतीस असतात. त्या तापमानाला लाल वाईन म्हणजे कोमट काढा : अल्कोहोल नाकात चढतो आणि फळ हरवते. लाल बाटली प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, लाजू नका. १५ ते १८ अंश तिला मानवतात. पांढरी आणि गुलाबी ८ ते १२ अंश, म्हणजे फ्रीजमध्ये तीन-चार तास. फेसाळती त्याहूनही थंड.

पाहुणे दारात आणि बाटली गरम, अशा वेळी एक मोठे पातेले घ्या, त्यात बर्फ, पाणी आणि मूठभर जाडे मीठ टाका आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण बाटलीला तो ठिकठिकाणीच टेकतो. खारे बर्फाळ पाणी तिला चहूबाजूंनी वेढते. वीस मिनिटांत काम होते. पावसाळ्यात वीज गेली की हेच पातेले आमचा फ्रीज.

७. मासळीबरोबर पांढरी आणि मटणाबरोबर लाल, एवढे पाळले तर पुरे ना?

गोव्यात पुरे नाही. तो नियम उकडलेल्या, भाजलेल्या, लोणी-लिंबावर वाढलेल्या मासळीसाठी आहे. आपल्या ताटात मासा नुसता कधी येतच नाही. तो वाटणात येतो. म्हणून मासा की मांस हे आधी पाहू नका. आमसूल किती, नारळ किती, मिरची किती हे पाहा.

आंबट : पदार्थ वाईनपेक्षा जास्त आंबट असेल तर वाईन पांचट लागते. आमसूल, चिंच, बिंबल, माडाचे व्हिनेगर घातलेल्या पदार्थाला तितकीच आंबट वाईन लागते, म्हणजे सोव्हिन्यों ब्लाँ किंवा फेसाळती.

नारळ : ओल्या खोबऱ्याचा रस स्निग्ध आणि किंचित गोड. त्याच्याबरोबर फार पातळ, टोकदार वाईन वेगळी पडते. थोडी भरीव पांढरी हवी, व्हियोनिये किंवा शेनिन ब्लाँ.

तिखट : इथे लोक हमखास चुकतात. जास्त अल्कोहोल आणि जास्त टॅनिन तिखटाची आग भडकवतात. थंडपणा आणि थोडी साखर ती विझवतात. म्हणून तिखटासमोर चौदा टक्क्यांची दणकट लाल बाटली मिरवण्यापेक्षा बारा टक्क्यांची, किंचित गोडसर, गार पांढरी बरी. सुलाची शेनिन ब्लाँ अशीच गोडसर अंगाची आहे. जाणकार तिला नाके मुरडतात, आणि आमच्या बैठकीत पहिली तीच संपते.

आता लाल वाईन आणि मासळी. पहिल्याच बैठकीला एकाने आमची अट मोडून महागडी कॅबर्ने सोव्हिन्यों आणली आणि आत बांगड्यांचे हुमण होते. पहिल्या घोटाला सगळे गप्प. मग एक वहिनी म्हणाल्या, 'गंजलेला खिळा चोखल्यासारखे लागते.' अगदी बरोबर निदान. वाईनमधला लोहाचा अंश माशाच्या तेलावर काम करतो आणि तोंडात हिवस, धातूसारखी चव उठते. लाल वाईनमध्ये लोह जास्त असू शकते आणि बांगडा, तारले हे तेलकट मासे, त्यामुळे ही जोडी सर्वांत वाईट. लालच प्यायची असेल तर चणकासारखा कमी तेलाचा मासा, तोही भाजलेला, आणि हलकी, गार केलेली लाल.

८. हुमणाबरोबर नेमकी कुठली बाटली?

आमसूल-नारळाच्या साध्या हुमणाबरोबर शेनिन ब्लाँ. उदकमेथीत मेथीचा कडवटपणा असतो, तिथे ड्राय वाईन आणखी कडू वाटते, म्हणून पुन्हा गोडसरच. आंबट-तिखाला सोव्हिन्यों ब्लाँ, खूप गार.

तिरफळांची गोष्ट निराळी आहे. तिरफळ दाताखाली आले की ओठ आणि जिभेचे टोक बधिर होते आणि दोन-चार मिनिटे कुठल्याच वाईनचे काही कळत नाही. तिरफळे घातलेल्या बांगड्यांबरोबर फेसाळती वाईन थोडीफार पोचते, कारण फेस बधिर जिभेलाही टोचतो. नाहीतर जेवण आधी, ग्लास नंतर.

९. तळलेल्या मासळीबरोबर?

सर्वांत सोपा प्रश्न. रव्यातली इसवण, लेपो, माणक्या, सुंगटे, काहीही असो, फेसाळती ड्राय वाईन घ्या. मीठ, तेल आणि कुरकुरीतपणा यांना आंबट फेस धुऊन काढतो आणि पुढचा तुकडा पहिल्यासारखा लागतो. फेसाळती हजारात बसली नाही तर सोव्हिन्यों ब्लाँ. रेशादाचा मसाला भरलेला असेल तर व्हिनेगर आणि मिरची दोन्ही आले, मग गुलाबी झिनफँडेल चालते.

१०. विंदालू, सोरपोतेल, चोरीस यांच्याबरोबर तरी लाल चालेल ना?

चालेल, पण विंदालूचे मूळ माहीत असले तर निवड सोपी जाते. पोर्तुगीज खलाशी वाईन आणि लसणीत मुरवलेले मांस आणत, 'व्हिन्य द आल्युश', म्हणजे वाईन आणि लसूण. इथे द्राक्षे नव्हती, माड होते. वाईनच्या जागी माडाच्या सुरेचे व्हिनेगर आले, वर मिरच्या आल्या आणि नावाचा विंदालू झाला. नावातला 'विं' हा वाईनचाच आहे आणि 'आलू' लसणीचा, बटाट्याशी त्याचे नाते नाही.

व्हिनेगर आहे म्हटल्यावर आंबटपणाचा नियम लागतो. टॅनिन कमी आणि आंबटपणा बरा अशी लाल शोधा. फ्रातेलीची सांजोव्हेसे त्या कामाची आहे. सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचा व्हिनेगर घातलेला रस्सा, दोन-तीन दिवस मुरल्यावर खातात, तेव्हा व्हिनेगर मऊ झालेले असते आणि वाईनशी जास्त जमते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या माळेची चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, कांद्याबरोबर परतून पावात घातली असेल तर साधी शिराझ, अर्धा तास गार केलेली. धुराचा वास आणि शिराझमधली मिरी एकमेकांना ओळखतात.

११. आणि शाकुती?

शाकुतीत भाजलेले खोबरे, खसखस, जायफळ, बडीशेप असा गरम मसाल्यांचा मोठा मेळा असतो आणि आंबट जवळजवळ नसते. इथे लाल वाईन खुशाल उघडा. ओकच्या पिंपात थोडी मुरलेली शिराझ भाजल्या खोबऱ्याला विशेष साथ देते, कारण ओकच्या लाकडातूनच खोबऱ्यासारखा वास वाईनमध्ये उतरतो. घरची शाकुती फार तिखट असेल तर मात्र प्रश्न ७ मधला तिखटाचा भाग वाचा.

१२. आमच्या घरी सोमवारी, गुरुवारी शिवराक. शाकाहारी जेवणाबरोबर काय? आणि मुळात वाईन शाकाहारी असते का?

नीरफणसाचे किंवा सुरणाचे रव्यातले काप म्हणजे वाईनच्या दृष्टीने तळलेली मासळीच, प्रश्न ९ लागू. अळसांद्यांच्या (चवळीसारखे कडधान्य) तोंडाकाला, म्हणजे दाट रश्श्याला, हलकी लाल. खतखते म्हणजे मिश्र भाज्यांचे कालवण, त्यात गूळ असतो, म्हणून गोडसर पांढरी. बाकी ज्या घरात शिवराक पाळतात तिथे त्या दिवशी बाटली उघडतच नाहीत, हे मला विचारणाऱ्यांनाही ठाऊक असते. श्रावणात आणि चवथीत आमची बैठक बंद असते.

दुसऱ्या भागाचे उत्तर : रस द्राक्षांचा, पण वाईन नितळ करायला काही ठिकाणी अंड्यातला पांढरा, दुधातले केसिन किंवा माशाच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरतात. तो गाळासकट खाली बसतो आणि काढला जातो. बेंटोनाइट नावाची माती वापरली तर प्रश्नच नाही. ज्यांना हे काटेकोर पाळायचे आहे त्यांनी 'व्हीगन' लिहिलेली बाटली घ्यावी किंवा कंपनीला विचारावे.

१३. गोव्याची पोर्ट वाईन इतकी स्वस्त कशी? ती खरी पोर्ट आहे का?

खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरू नदीच्या खोऱ्यातली. त्या प्रदेशाची हद्द १७५६ मध्येच आखली गेली. रस अर्धा आंबला की त्यात द्राक्षांची कडक दारू ओततात. आंबणे थांबते, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्या दुकानांत 'पोर्ट' म्हणून जी गोड लाल बाटली मिळते ती त्या नावाची आणि चवीची आठवण आहे. द्राक्षे घाटावरची, गोडवा भरपूर.

म्हणून तिला हसू नका. नाताळात कुणाच्या घरी गेलात तर दोद्दोल आणि नेवऱ्यांच्या ताटाशेजारी तीच इवल्या ग्लासात येते, आणि तिथे ती शोभते. गोडाबरोबरची वाईन गोडापेक्षा गोड हवी, हा नियम ती सहज पाळते. बेबिंकेबरोबर ड्राय वाईन घेऊन पाहा, चिंचेचे पाणी वाटेल. जेवणाबरोबर मात्र पोर्ट नको. हुमणावर सरबत ओतल्यासारखे होते.

१४. बाटली बिघडली आहे हे कसे ओळखायचे? दुकानदार परत घेतो का?

ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यातल्या बंद कपाटाचा वास आला तर बूच खराब. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत हा दोष सहसा येत नाही, त्यामुळे फिरकीचे झाकण म्हणजे हलका माल असे समजू नका, आपल्या हवेला तेच बरे. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास आला तर हवा लागून गेली.

गोव्यात खरा शत्रू ऊन आहे. एकदा मी पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानातून, काचेत मांडलेली पांढरी बाटली घेतली. घरी पाहिले तर बूच दोन मिलिमीटर वर आलेले, रंग जुन्या तुपासारखा आणि वास शिजवलेल्या मनुकांचा. परत नेली तर दुकानदार शांतपणे म्हणाला, 'पात्रांव, वायन जितली पोरनी तितली बरी.' (साहेब, वाईन जितकी जुनी तितकी चांगली.) पैसे मिळाले नाहीत. तेव्हापासून काचेतली बाटली घेत नाही. आतल्या अंधाऱ्या फळीवरची किंवा फ्रीजमधली मागतो, आणि बिल ठेवतो.

१५. उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

बूच लावून फ्रीजमध्ये, लालसुद्धा, तीन ते पाच दिवस. फेसाळती एक-दोन दिवस, तीही घट्ट झाकण असेल तर. गोड पोर्ट काही आठवडे. उरलेली वाईन लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर जास्त टिकते, कारण वर हवा उरत नाही.

१६. बर्फ किंवा सोडा घातला तर लोक हसतील का?

हसू देत. वाईन तुमची आहे. फक्त बर्फ विरघळून वाईन पाणचट होते, म्हणून आम्ही द्राक्षे गोठवून ठेवतो आणि ग्लासात तीच टाकतो.

१७. वाईनने दुसऱ्या दिवशी डोके दुखते. त्यातल्या सल्फाइटमुळे ना?

बहुधा नाही. सल्फाइट काही सुक्या मेव्यातही असते, आणि जर्दाळू खाऊन तुमचे डोके दुखत नसेल तर दोष दुसरीकडे आहे : प्रमाण, उपाशीपोट, आणि घामाच्या हवेत पाणी कमी पिणे. प्रत्येक ग्लासामागे तेवढेच पाणी प्या. दम्याच्या रुग्णांना मात्र सल्फाइटचा त्रास खरोखर होऊ शकतो, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रयोग करू नयेत.

१८. स्वयंपाकात घातली की अल्कोहोल उडून जातो ना? घरात न पिणारी माणसे आहेत.

सगळा उडत नाही. तासभर मंद शिजवूनही अंदाजे चौथा हिस्सा राहतो. न पिणाऱ्या पाहुण्याला सांगून वाढा, किंवा वाईनऐवजी थोडे माडाचे व्हिनेगर घाला. प्रश्न १० मध्ये पाहिले तसे, आपल्या लोकांनी पूर्वी तेच केले.

१९. समुद्रकिनारी नेली तर? आणि स्कूटरवरून परत यायचे असेल तर?

गोव्यात २०१९ पासून किनाऱ्यांसारख्या पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणे दंडनीय आहे. फुटक्या काचा वाळूत कुणाच्या पायात जातात ते वेगळेच. गाडीचे म्हणाल तर रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. दोन ग्लासांत कित्येकांची ती ओलांडते. आमच्याकडे येणारे एकत्र येतात आणि एक जण सोलकढीवर राहतो. त्याच्या वाट्याचे तळलेले तुकडे जास्त, असा करार आहे.

२०. सावंतवाडीला बहिणीकडे दोन बाटल्या न्यायच्या आहेत. वाईनच तर आहे, चालेल ना?

नाही. गोव्यात विकलेल्या बाटलीवर कर गोव्याचा भरलेला असतो आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती नेणे गुन्हा आहे, मग ती वाईन असो की फेणी. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात. नाशिकची बाटली, नाशिकच्याच जिल्ह्यातली द्राक्षे, ती गोव्यात येऊन पुन्हा महाराष्ट्रात जाताना अडवली जाते, हे ऐकून माझ्या बहिणीला अजून हसू येते. तिला मी चोरीस नेतो, आणि वाईन ती तिथे विकत घेते.